अतिनम्र नगरी : माल्टा बेटांतील व्हॅलेटा

(महोत्सवाच्या सायंसभेंत झालेलें व्याख्यान)



आपल्या देवळाच्या महोत्सवप्रसंगीं कांहीं उद्बोधक विषयावर चार शब्द बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हां प्रथम आमच्या डोळ्यांपुढें उभी राहिली ती देवळाच्या दर्शनी भिंतींतील संगमरवरी पाटी. अशी पाटी बहुतेक प्रत्येक देवळांत असते. कोणत्या सालीं पाया घातला, कोणत्या धर्मगुरूंच्या कारकीर्दींत काम तडीस गेलें, कोणीं किती देणगी दिली, हें सर्व तीवर कोरलेलें असतें. चिरे कोणीं वाहिले, चुना कोणीं मळला, पाण्याच्या घागरी कोणीं आणल्या, हें मात्र तीवर नसतें. तेवढी जागाच पाटीवर नसते असें म्हणून आपण पुढें जातों. आज आम्ही आपणांस अशा एका शहराची हकीकत सांगणार आहों, कीं जें सबंध शहरच एक मोठी स्मरणपाटी आहे. आणि त्या पाटीवर ज्यांचीं नांवें नाहींत त्यांच्याकडे आपलें लक्ष वेधावें असा आमचा हेतु आहे.

भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर, सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे ९० किलोमीटरांवर, माल्टा नांवाचें लहानसें बेट आहे. तेथें नदी नाहीं, अरण्य नाहीं. माती थोडी आणि खडक फार. परंतु एका गोष्टींत निसर्गानें हात आखडता घेतला नाहीं. बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर जमिनीची एक लांबट जीभ समुद्रांत शिरलेली आहे आणि तिच्या दोन्ही अंगांस दोन खोल व निवांत बंदरें आहेत. या जिभेवर व्हॅलेटा नगरी वसली आहे. तिचें क्षेत्र एक चौरस किलोमीटरहि भरत नाहीं.

आपणां ख्रिस्ती लोकांस या बेटाचा परिचय ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथाच्या शेवटच्या दोन अध्यायांतून झालेला आहे. रोमला बंदिवान म्हणून चाललेला संत पौल आणि त्याच्याबरोबरची माणसें, मिळून २७६ जीव, जहाज फुटून या किनाऱ्यास लागले. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरील लोकांनीं शेकोटी पेटवून त्या भिजलेल्या परक्यांना जवळ घेतलें. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों. पण तींतील एक शब्द बहुधा आपल्या लक्षांत येत नाहीं. मूळ ग्रीक ग्रंथांत संत लूक या बेटकऱ्यांना ‘बार्बारॉय’ म्हणतो. रानटी असा त्याचा रोख दिसत नाहीं. ज्यांची बोली ग्रीक अथवा लॅटिन नाहीं ते लोक, एवढाच तेथें अर्थ. म्हणजे माल्टाच्या माणसांची पहिली मोठी नोंद झाली ती दोन खुणांनिशीं : परक्याला ऊब देणारे, आणि ज्यांची भाषा शहाण्यांना समजत नाहीं असे. पुढील एकोणीस शतकें या दुसऱ्या खुणेनें त्यांची पाठ सोडली नाहीं.

इ. स. ८७० मध्यें अरबांनीं हें बेट जिंकलें. १०९१ सालीं सिसिलीचा नॉर्मन काउंट रॉजर आला आणि बेट पुन्हां ख्रिस्ती राजांच्या अमलाखालीं गेलें. राज्य बदललें, कालांतरानें धर्महि बदलला. परंतु लोकांच्या तोंडची अरबी वळणाची बोली तशीच राहिली. तिच्यांत पुढें सिसिलियन आणि इटालियन शब्दांची मोठी भर पडली, तरी तिचा सांगाडा अरबीच राहिला. या बोलीविषयीं आम्हांस पुढें बोलावयाचें आहे. तूर्त ती घरांत, शेतांत आणि होड्यांवर बोलली जात आहे एवढें लक्षांत ठेवावें.

१५३० सालीं सम्राट पांचवा चार्लस यानें माल्टा बेट संत योहानाच्या पंथाच्या नाइट लोकांस दिलें. वर्षाकाठीं एक ससाणा, एवढाच त्याचा खंड. हे नाइट म्हणजे युरोपांतील मोठमोठ्या घराण्यांतले व्रतस्थ सरदार. आजाऱ्यांची शुश्रूषा आणि तुर्कांशीं युद्ध हीं त्यांचीं दोन व्रतें. ऱ्होड्स बेट १५२२ सालीं तुर्कांच्या स्वाधीन करावें लागल्यापासून ते घर शोधीत होते. बेट देतांना बेटकऱ्यांना कोणीं विचारलें नाहीं. सामान्यतः माल्टी मनुष्य कितीहि कुलीन असला तरी त्याला या सरदारांच्या पंक्तीस बसतां येत नसे.

१५६५ च्या वेढ्याची कथा फार प्रसिद्ध आहे, म्हणून ती आम्ही थोडक्यांत उरकतों. मे महिन्यांत तुर्कांचें प्रचंड आरमार आलें. त्या जिभेच्या टोंकावरील संत एल्मोचा किल्ला महिनाभर झुंजून २३ जून रोजीं पडला. तुर्कांनीं मेलेल्या नाइटांचीं प्रेतें क्रुसांवर ठोकून पाण्यांत सोडलीं, आणि उलट ग्रँडमास्तर ला व्हालेत यानें तुर्की कैद्यांचीं मस्तकें तोफांत घालून उडविलीं, असें तत्कालीन बखरकार लिहितात. सिसिलीहून मदत आली आणि ८ सप्टेंबर रोजीं, पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाच्या दिवशीं, वेढा उठला. त्या दिवसाचा उत्सव माल्टांत आजहि होतो. आम्ही त्या विजयाचें मोल कमी लेखीत नाहीं. पण तोफेंत घातलेलीं मस्तकें गाळून ती कथा सांगणें आमच्यानें होत नाहीं.

वेढा उठला तेव्हां बेट उध्वस्त झालें होतें आणि तुर्क पुन्हां येतील अशी धास्ती होती. म्हणून २८ मार्च १५६६ रोजीं त्या उघड्या टेकाडावर नव्या तटबंद शहराचा पाया घातला गेला. पोपमहाराजांनीं आपला इंजिनियर फ्रान्चेस्को लापारेल्ली यास पाठविलें. त्यानें बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते आंखले, जेणेंकरून समुद्राचा वारा गांवभर खेळावा. टेकाड कापून सपाट करण्याचाहि विचार होता. पण घाईमुळें तो सोडावा लागला आणि म्हणून व्हॅलेटाचे कित्येक रस्ते आजहि पायऱ्यांचे जिने आहेत. लापारेल्ली थोड्याच वर्षांत गेला. उरलेलें काम जिरोलामो कासार या माल्टी स्थापत्यकारानें पुरें केलें. सरदारांचे वाडे, ग्रँडमास्तरांचा राजवाडा आणि संत योहानाचें भव्य देऊळ ही त्याचीच करणी.

माल्टाचा दगड मधाच्या रंगाचा असतो. खाणींतून निघतांना तो इतका मऊ असतो कीं करवतीनें कापावा; पुढें वारा लागून त्याची कातडी कठीण होते. कोंकणांत जांभ्याचा चिरा ज्यांनीं खाणींतून निघतांना पाहिला असेल त्यांना हें नवल वाटणार नाहीं. शहर उभारतांना नियम केलेला होता कीं प्रत्येक घराखालीं खडकांत पाण्याचें टांकें खोदलें पाहिजे, आणि सांडपाणी जमिनीखालच्या गटारांतूनच गेलें पाहिजे. सोळाव्या शतकांतील ही दूरदृष्टि पाहून आजच्या पुष्कळ नगरपालिकांनीं मान खालीं घालावी. १६१५ सालीं ग्रँडमास्तर विन्याकूर याच्या अमदानींत पंधराएक किलोमीटर लांबीचा जलमार्ग पुरा होऊन शहरांत वाहतें पाणी आलें.

नगरीचें बारसें झालें तें ‘हुमिलिस्सिमा’, म्हणजे ‘अतिनम्र’, या विशेषणासह. अतिनम्र नगरी व्हॅलेटा! ज्या शहराच्या तटाकडे मान मोडेपर्यंत वर पाहावें लागतें, ज्याच्या मुख्य देवळाची जमीन सुमारे ४०० सरदारांच्या रंगीत संगमरवरी थडग्यांनीं मढविलेली आहे, त्याला हें नांव कसें शोभतें, याचा विचार करतां करतां आम्ही दोन इमारतींपाशीं येऊन थांबलों. एक इस्पितळ, दुसरा तुरुंग.

इस्पितळ आधीं पाहूं. १५७४ सालीं बांधावयास घेतलेल्या या इमारतीचें मोठें दालन पुढें वाढत वाढत १५५ मीटर लांब झालें. रोग्यांना अन्न चांदीच्या ताटांतून देत. चांदी स्वच्छ राहते आणि रोगी हा घरचा धनी आहे, अशी दोन्ही कारणें त्याला दिलीं जातात. राजघराण्याशीं नातें सांगणारे सरदार ठरलेल्या वारीं स्वतःच्या हातांनीं रोग्यांना वाढीत. कोणत्याहि धर्माच्या आजाऱ्याला तेथें प्रवेश होता. गुलामांचीहि तेथें शुश्रूषा होई. त्यांच्यासाठीं निराळें दालन होतें.

होय, गुलामांची. हा शब्द महोत्सवाच्या सभेंत उच्चारतांना आम्हांस सुख होत नाहीं. या अतिनम्र नगरींत गुलामांचा मोठा तुरुंग होता. संत योहानाच्या गलबतांवर साखळदंडांनीं बांधलेले मुसलमान वल्हीं मारीत. शहराचे खंदक खोदण्यांत, दगड वाहण्यांत आणि तट चढविण्यांत त्यांचे हात होते. रात्रीं त्यांना तुरुंगांत कोंडीत, दिवसा कामाला बाहेर काढीत. कोणी न्हावी, कोणी फेरीवाला, कोणी सरदाराच्या घरचा चाकर. समुद्रावर माणसें पकडून विकणें हा तेव्हां दोन्ही काठांवरचा धंदा होता. १५५१ सालीं तुर्कांनीं शेजारच्या गोझो बेटांतील सुमारे पांच हजार माणसें, म्हणजे जवळजवळ सगळा गांवगाडा, गुलाम करून नेला होता. आपल्या माणसांना सोडवून आणण्यासाठीं १६०७ सालीं माल्टांत एक निधिहि स्थापन झाला होता. स्वतः ला व्हालेत, ज्याचें नांव या शहरास आहे, पकडला जाऊन सुमारे एक वर्ष शत्रूच्या गलबतावर गुलाम होता. साखळदंडाचा वण त्यानें स्वतःच्या अंगावर पाहिला होता; तरीहि त्याच्या नगरींत साखळदंड राहिले. ‘काळच तसा होता’ असें म्हणून आपण मोकळे होऊं शकतों. परंतु त्याच काळीं, त्याच पंथाला, परधर्मी आजाऱ्याच्या उशाशीं चांदीचें ताट ठेवण्याचें सुचलें होतें! ज्याला एक सुचलें त्याला दुसरें कां सुचूं नये, या प्रश्नाचें उत्तर आम्हांस सांपडलेलें नाहीं.

१७४९ सालीं गुलामांनीं उठावाचा कट केला. २९ जूनला, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या दिवशीं, ग्रँडमास्तर पिंटो याला मारून शहर ताब्यांत घ्यावयाचें असा बेत होता. एका कॉफीच्या दुकानांतील भांडणावरून तो फुटला. हाल करून जबान्या घेण्यांत आल्या आणि तीसाहून अधिक माणसांना देहान्त शिक्षा झाली. त्यांचीं थडगीं संगमरवरी जमिनींत नाहींत हें सांगावयास नकोच.

संत योहानाच्या देवळास लागून असलेल्या प्रार्थनामंदिरांत काराव्हाज्जो या चित्रकारानें १६०८ सालीं रंगविलेलें बाप्तिस्ता योहानाच्या शिरच्छेदाचें चित्र आहे. जगांतील श्रेष्ठ चित्रांत त्याची गणना होते. प्रसंग घडतो तो एका तुरुंगाच्या अंगणांत. आणि चित्राच्या उजव्या अंगास, गजांच्या खिडकींतून, दोन कैदी माना बाहेर काढून तें पाहात आहेत. शिरच्छेदाच्या पवित्र चित्रांत या दोन अनामिक कैद्यांना जागा देण्याची बुद्धि त्या भांडखोर चित्रकाराला व्हॅलेटांत झाली. त्याच सालच्या डिसेंबरांत, त्याच मंदिरांत, नाइटांनीं त्याला आपल्या पंथांतून हांकलून दिलें.

जून १७९८ मध्यें नेपोलियन आला आणि नाइटांनीं जवळजवळ न लढतांच शहर त्याच्या हवालीं केलें. त्यानें गुलामगिरी रद्द केली, हें त्याच्या खातीं जमा धरलें पाहिजे. इस्पितळांतील चांदी वितळविली आणि देवळें लुटलीं, हें त्याच्या नांवें. सप्टेंबरांत शेतकऱ्यांनीं बंड केलें; फ्रेंच शिबंदी दोन वर्षें या तटांत कोंडली गेली. शहरांतून उठाव करण्याच्या प्रयत्नांत पकडला गेलेला धर्मगुरु मिकिएल शेर्री यास १७९९ च्या जानेवारींत गोळ्या घालण्यांत आल्या. पुढें इंग्रज आले ते दीडशें वर्षांहून अधिक राहिले. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाल्यावर मुंबईकडे येणाऱ्या बोटी येथें कोळसा भरूं लागल्या. १८७८ सालीं रशियाशीं युद्ध होईल या भयानें इंग्रजांनीं सुमारे सात हजार हिंदी शिपाई माल्टांत आणून ठेवले. मुंबई इलाख्यांतील पलटणीहि त्यांत होत्या. तेव्हां मराठी बोलहि त्या धक्क्यांवर कधीं ऐकूं आले असले पाहिजेत.

शहराच्या मुख्य रस्त्याचें नांव प्रत्येक धन्यानें बदललें. नाइटांच्या काळीं तो संत जॉर्जचा रस्ता, फ्रेंचांच्या काळीं राष्ट्ररस्ता, इंग्रजांच्या काळीं प्रथम इटालियन भाषेंत ‘स्त्रादा रेआले’ आणि १९३६ पासून ‘किंग्जवे’. रस्त्यावरच्या पाट्या फ्रेंच, इटालियन, इंग्रजी अशा पालटत गेल्या. पण मासळीवाली ज्या भाषेंत भाव सांगत होती ती एकहि पाटीवर चढली नाहीं. धनी येत होते आणि जात होते, आणि मांद्राज्जो नांवाच्या खोलगट भागांत माणसें दाटीवाटीनें जगत होतीं. नाइटांनीं गलबतांसाठीं तेथें लहान गोदी खोदावयास घेतली होती, ती अर्धवट राहिली; त्या खड्ड्यांत गरिबांची वस्ती झाली. तेथील अंधाऱ्या खोल्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होत्या.

मग १९४० सालचें युद्ध आलें. ११ जून रोजीं पहिला बाँबवर्षाव झाला. पुढील दोन वर्षांत माल्टाइतका मारा फारच थोड्या जागांनीं सोसला असेल. सुमारे दीड हजार नागरिक मेले. अन्न संपत आलें. १९४२ च्या ऑगस्टांत, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशीं, अर्धवट बुडालेलें तेलवाहू जहाज ‘ओहायो’ बंदरांत ओढून आणलें गेलें, तेव्हां लोक तटांवर उभे राहून रडले. एप्रिलांतच इंग्लंडच्या राजानें सबंध बेटाला जॉर्ज क्रॉस दिला होता. पण माणसें वांचलीं कशीं? खडकाखालीं. पाथरवटांनीं आणि खाणकऱ्यांनीं दगडांत भुयारें खोदलीं. बंद पडलेल्या आगगाडीच्या बोगद्यांत बिऱ्हाडें थाटलीं. आणि जुन्या घरांखालचीं कित्येक पाण्याचीं टांकीं, चारशें वर्षांपूर्वींच्या त्या नियमानें खोदविलेलीं, एकमेकांना जोडून आसऱ्याच्या जागा झाल्या. वरचे वाडे कोसळत होते आणि मजुरांनीं पोखरलेला खडक टिकून होता. त्या अंधारांत जपमाळ चाले ती बेटाच्या बोलींत.

आतां त्या बोलीकडे वळूं. माल्टी कॅथोलिक मनुष्य देवाला ‘आल्ला’ म्हणतो. उपासकाळाला तो ‘रानदान’ म्हणतो. रमजान या शब्दाचाच तो भाऊ. पुनरुत्थानाच्या सणाला जो शब्द आहे तो ‘ईद’ या शब्दाचें रूप, आणि धर्मगुरूला ‘कस्सीस’ म्हणतात तेंहि अरबीच. ज्या नगरीच्या तटांतला एकेक दगड मुसलमानांशीं लढण्यासाठीं रचला गेला, तिच्या देवळांतून ‘आल्ला’ला हांक जावी, याचें आम्हांस नवल वाटतें आणि आनंदहि. प्रभु येशूची अरामी बोली हिचीच चुलत बहीण. परंतु शिकलेल्या लोकांस तिची लाज वाटे. न्यायालय, विद्यालय आणि प्रतिष्ठितांची बैठक यांत इटालियन चाले. गुन्हेगाराच्या पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या माणसाला आपल्याविषयीं काय बोललें जात आहे हें कित्येकदां कळत नसे.

एका शेतकऱ्याच्या मुलाला हें सोसवेना. मिकिएल आन्तोन वासाल्ली (१७६४-१८२९) त्याचें नांव. त्यानें १७९१ सालीं माल्टी भाषेचें व्याकरण छापलें, १७९६ सालीं कोश छापला, मुलांना मातृभाषेंतून शिकवा असें सांगितलें. नाइटांविरुद्धच्या कटाच्या आरोपावरून त्याला तुरुंगांत टाकण्यांत आलें; पुढें इंग्रजांच्या अमदानींत तो हद्दपार होता. १८२० सालीं परतल्यावर पांच वर्षांनीं त्याला माल्टी भाषेचा पहिला प्राध्यापक नेमण्यांत आलें. उतारवयांत त्यानें शुभवर्तमानें माल्टी भाषेंत आणलीं. पण तें काम प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांसाठीं केलेलें होतें. १८२९ सालीं तो वारला तेव्हां कॅथोलिक दफनभूमींत त्याला जागा मिळाली नाहीं. प्रॉटेस्टंटांच्या दफनभूमींत त्याला पुरलें.

आपण या गोष्टीकडे परकी म्हणून पाहूं शकत नाहीं. फादर स्टीफन्स यांनीं ख्रिस्तपुराण मराठींत रचलें व १६१६ सालीं तें गोव्यांत छापलें गेलें. व्हॅलेटांत वाहतें पाणी आलें त्याच्या पुढच्याच वर्षीं. आपल्या पूर्वजांना ज्या ओव्यांतून प्रभूची कथा कळली त्या एका परदेशी धर्मगुरूनें आमच्या भाषेची थोरवी ओळखली म्हणून. माल्टांत हें ओळखणारा घरचाच निघाला आणि त्याला तटाबाहेर जागा मिळाली.

१९३४ सालीं माल्टी ही राज्यकारभाराची भाषा झाली. बेट २१ सप्टेंबर १९६४ रोजीं स्वतंत्र झालें, शेवटचें इंग्रजी सैन्य ३१ मार्च १९७९ रोजीं गेलें. मुख्य रस्त्यास आतां प्रजासत्ताकाचें नांव आहे, तें माल्टी भाषेंत. या रस्त्याच्या तोंडाशीं, बाँबनें उध्वस्त झालेल्या नाट्यगृहाच्या खांबांशेजारीं, २०१५ पासून नवें पार्लमेंटगृह आहे आणि त्यांतील वादविवाद मासळीवालीच्या भाषेंत होतात. २००४ पासून ती युरोपीय संघाचीहि एक अधिकृत भाषा आहे. शहर मात्र रिकामें होत चाललें आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं वीस हजारांहून अधिक वस्ती होती, ती आतां पांच-सहा हजारांवर आली आहे, आणि जुन्या वाड्यांतून पाहुण्यांसाठीं खानावळी निघत आहेत.

पिएत्रू पॉल सायडन नांवाच्या कॅथोलिक धर्मगुरूनें हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल माल्टी भाषेंत आणलें. त्याचें प्रकाशन सुरू झालें १९२९ सालीं, म्हणजे वासाल्लीच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, आणि तें पुरें व्हावयास १९५९ साल उजाडलें. आतां व्हॅलेटाच्या देवळांतून पवित्र मिस्सेंत शुभवर्तमान वाचलें जातें तें याच बोलींत. वासाल्लीची कबर मात्र हलविलेली नाहीं. तटाबाहेर, मार्सामशेट बंदराच्या वरच्या अंगास ती जुनी दफनभूमि आहे; तिची आतां बाग केलेली आहे.